उरलेला वेळ

‘वेळ मिळाला म्हणजे करीन’ हें वाक्य आपल्या घराघरांतून दिवसांत किती वेळां उच्चारलें जातें, याची मोजदाद कोणीं केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. पुरुषाच्या तोंडीं तें बहुधा आळसाचें पांघरूण असतें. गृहिणीच्या तोंडीं मात्र तें अक्षरशः खरें असतें. छत्तीस वर्षें मुलांस व्याकरण शिकविण्यांत गेल्यामुळें मजला या ठिकाणीं ‘लोप’ या संज्ञेची आठवण होते. शब्दांत असावयास हवा असलेला वर्ण दिसेनासा झाला म्हणजे त्याचा लोप झाला असें आपण म्हणतों. गृहिणीच्या दिनक्रमांत दुपारचा थोडा वेळ तिचा स्वतःचा असावयास हवा असतो, आणि रोज दुपारीं त्याचा लोप होतो. परंतु वर्णाचा लोप कोणत्या सूत्रानें झाला हें वर्गांत विद्यार्थ्यास विचारणारा मास्तर, घरांतील या लोपाचें सूत्र कधीं पाहत नाहीं. यंदाच्या श्रावणांत मीं तें थोडेंसें पाहिलें. त्याचीच ही हकीकत आहे.

आषाढी अमावास्येस, म्हणजे दिव्यांच्या अंवसेस, माळ्यावरील समया आणि निरांजनें खालीं काढून चिंचेनें घासण्याची आमच्या घरीं वहिवाट आहे. शिडीवर चढण्याचें काम अजून माझ्याकडेच आहे. यंदा समयांच्या मागें, जुन्या धोतरांत बांधलेलें एक गाठोडें हातास लागलें. खालीं आणून सोडलें, तों आंत एक अर्धवट शिवलेली गोधडी निघाली. वरचा थर माझ्या आईच्या लुगड्यांचा होता : काळी चंद्रकळा, विटलेल्या डाळिंबी रंगाचें इरकली, आणि मधून मधून वडिलांच्या सदऱ्यांचे व माझ्या शाळकरी अंगरख्यांचे चौकोन. आंतले थर धोतरांचे. एका कडेपासून धावदोऱ्याच्या ओळी बोटाबोटाच्या अंतरानें, आंखल्यासारख्या सरळ आल्या होत्या; आणि निम्म्याहून थोडें पुढें, एका ओळीच्या ऐन मध्यावर, सुई तशीच टोंचलेली होती. ती गंजून कापडास चिकटली होती आणि तिच्याभोंवतीं तांबूस डाग पडला होता.

“आईच्या आजारपणामुळें हें काम राहिलें असावें,” मी म्हणालों.

“छे हो,” आमच्या घरांतून उत्तर आलें, “सासूबाई त्यानंतर आठ वर्षें होत्या. मी लग्न होऊन आलें, त्या वर्षीं त्यांनीं ही शिवायला घेतली होती. रोज म्हणायच्या, उरलेल्या वेळांत होईल. पुढें माझें पहिलें बाळंतपण आलें, तेव्हां ही गुंडाळली गेली, ती गेलीच.”

आई जाऊन तीस वर्षें होऊन गेलीं. मृत्यूनें अपुरें ठेवलेलें काम पाहून दुःख होतें, परंतु त्यांत कोणाचा दोष नसतो. हें काम मृत्यूनें अपुरें ठेविलें नव्हतें. तें आमच्या जेवणखाण्यानें, आमच्या पाहुण्यारावळ्यांनीं, माझ्या मुलाच्या जन्मानें, म्हणजे आम्हीं सर्वांनीं मिळून अपुरें ठेविलें होतें. मी कांहीं बोललों नाहीं. ती मात्र गोधडीवरून हात फिरवीत सहज म्हणाली, “त्यांची सुई तुम्हांला आज दिसली. माझ्या तीन आहेत. माळ्यावर नाहींत, कपाटांत आहेत, एवढाच फरक.”

वाचकांस सांगितलें पाहिजे कीं, गोधडी शिवणें हा आमच्या सौभाग्यवतीचा लहानपणापासूनचा छंद आहे. नात्यागोत्यांतील कोणत्या बाळाच्या अंगाखालीं तिच्या हातचें दुपटें गेलें नाहीं, असें सहसा होत नाहीं. तेव्हां हिला वेळ मिळतो अशीच माझी समजूत होती. परंतु थोडा विचार करितां ध्यानांत आलें कीं, दुसऱ्याच्या बाळाचें दुपटें मुदतींत पुरें होतें, कारण बाळ थांबत नाहीं. ज्या कामास मुदत नाहीं आणि मागणारा नाहीं, जें केवळ तिच्या मनाच्या समाधानासाठीं आहे, तें तेवढें कपाटांत राहतें.

गोधडी हें दारिद्र्याचें लक्षण आहे असें समजणारी सुशिक्षित मंडळी आपल्यांत पुष्कळ आहेत, म्हणून या कलेविषयीं दोन शब्द लिहितों. संस्कृतांत हिला कंथा म्हणतात. भर्तृहरीच्या नीतिशतकांतील कार्यार्थी पुरुषालाही प्रसंगीं कंथा पांघरावी लागते. ती कोणीं शिवली, हें मात्र कवीनें सांगितलेलें नाहीं. बंगाल्यांत हाच शब्द कांथा या रूपानें आजही जिवंत आहे, आणि तेथील जुन्या कांथांसाठीं लुगड्यांच्या कांठांतून रंगीत दोरे उसवून घेत असत. बिहारांत सुजनी, सिंध व राजस्थान या बाजूस रल्ली, उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रियांची कवंदी, आणि आपल्याकडील वाकळ किंवा गोधडी, या सर्व एकाच कुळांतल्या. जुन्या मऊ कापडाचे थर एकावर एक अंथरावे आणि साध्या धावदोऱ्यानें ते एकजीव करावे, एवढेंच या सर्वांचें तंत्र आहे. थराथरांमध्यें हवा कोंडून राहते, तिनें ऊब येते. आणि टांके जवळजवळ असल्यामुळें झिजलेलें कापडही विरत नाहीं. जें एकेकटें टिकलें नसतें, तें एकमेकांच्या आधारानें पुढें वीस-पंचवीस वर्षें टिकतें. एकत्र कुटुंबाचें याहून चांगलें चित्र मजला ठाऊक नाहीं. मात्र त्या कुटुंबांत दोरा कोण होतो, हेंही पाहिलें पाहिजे.

“ही यंदा पुरी करूं,” मी म्हणालों. “करूं” हें मीं बहुवचनांत म्हटलें खरें, परंतु करणारी एकच होती.

मास्तराचा स्वभाव जात नाहीं. मीं पट्टी घेऊन गोधडी मोजली. लांबी सात फूट, रुंदी पांच फूट. ओळींत अंतर पाऊण इंच. म्हणजे एकूण ओळी ८०. इंचास चार टांके धरिले, तर एका ओळीस ३३६ आणि सबंध गोधडीस २६,८८० टांके होतात. आईच्या ४९ ओळी पुऱ्या झाल्या होत्या, पन्नासावी अर्धी होती. राहिल्या साडेतीस. आमच्या सौभाग्यवतीस एका ओळीला अर्धा तास पुरतो. महिन्याच्या तिथी तीस. रोज अर्धा तास, रोज एक ओळ. पिठोरी अमावास्येस गोधडी तयार! इतकें सोपें गणित मीं चौथीच्या मुलांसही घातलें नसतें. दुपारीं अडीच ते तीन ही वेळ ठरवून, छान अक्षरांत वेळापत्रक लिहून, तें मीं स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविलें. तिनें तें वाचलें, आणि “अक्षर अजून चांगलें आहे तुमचें,” एवढाच अभिप्राय दिला.

प्रतिपदेस आरंभ झाला. गंजलेल्या सुईवर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून तिनें ती हलक्या हातानें काढली आणि आपल्या डब्यांत निराळी ठेविली. डाग निघाला नाहीं. त्याच छिद्रांतून नवी सुई घालून तिनें आईची पन्नासावी ओळ पुरी केली. आरंभ तर उत्तम झाला.

परंतु श्रावण म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं तो पाळला जातो त्यांस सांगावयास नको. सोमवारचा उपास सूर्यास्तापूर्वीं सोडावयाचा, म्हणून त्या दिवशीं दुपार स्वयंपाकांतच जाते. मंगळवारीं कोणा ना कोणा नव्या सुनेची मंगळागौर. शुक्रवारीं जिवतीची पूजा आणि सवाष्ण. शनिवारीं मुंजा जेवावयास. नागपंचमीस चिरावयाचें नाहीं, कापावयाचें नाहीं, तळावयाचें नाहीं. तेव्हां सुईही तिनें आपण होऊन बाजूस ठेविली. शिवाय पावसाची झड. धुतलेले कपडे घरभर दोऱ्यांवर टांगलेले, आणि गोधडी पसरावयास जमीन कोरडी नाहीं. चिरंजीव व सूनबाई दोघेंही नोकरीवर जातात; नातू दहा वर्षांचा, दुपारीं शाळेंतून येतो. नऊ दिवस गेले आणि ओळी झाल्या तीन.

मीं वेळापत्रकाकडे बोट दाखविलें. तिनें शांतपणें म्हटलें, “अहो, अर्धा तास तुम्हीं दिलात खरा, पण तो सगळा सुट्या पैशांत दिलात. बंदा रुपया एकदांही हातांत पडला नाहीं.”

हें वाक्य मजला लागलें. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे दशमीस, मी वही व पेन्सिल घेऊन कोपऱ्यांत बसलों आणि दोन ते तीन या तासांत तिला किती वेळां उठावें अथवा थांबावें लागलें, याची नोंद केली. परीक्षेच्या हॉलवर देखरेख करण्याची संवय असल्यामुळें हें काम मजला कठीण नव्हतें. नोंद येणेंप्रमाणें आहे. दारावरची घंटा तीन वेळां वाजली : एकदां टपाल, एकदां गॅसवाला, एकदां शेजारच्या वहिनी पत्री मागावयास. दूरध्वनि दोन वेळां, आणि दोन्ही वेळां निरोप घरांतील दुसऱ्या कोणासाठीं होता. नातवानें दोन वेळां हांक मारली, एकदां भूक लागली म्हणून आणि एकदां पट्टी सांपडत नाहीं म्हणून. उरलेल्या चार वेळां हांक मारणारा गृहस्थ कोण, हें लिहितांना पेन्सिल जरा अडखळली. चष्मा कोठें आहे, पंचांग कोठें आहे, चहाचें काय, आणि शेवटीं, आज किती ओळी झाल्या! एकूण अकरा. त्यांत माझा वांटा सर्वांहून मोठा. आणि हें सर्व, मी तिला मदत करण्यासाठींच बसलेला असतांना.

लोपाचें सूत्र मजला सांपडलें तें असें. गृहिणीचे तास कमी नसतात; त्यांस दार नसतें. माझ्या वाचनाच्या वेळेस आमच्या घरीं दार आहे. ‘ते वाचीत आहेत’ असें म्हटलें कीं पाहुणाही ओसरीवर थांबतो. ती शिवीत बसली असतां मात्र ‘रिकामीच तर बसली आहेस’ असें आपण म्हणतों, किंवा न म्हणतां तसें वागतों. ज्ञानोपासना म्हणून माझ्या पुस्तकास मान, आणि चिंध्या म्हणून तिच्या सुईस नाहीं, हा भेद कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे? त्या गोधडींत माझ्या आईचें लुगडें होतें. त्या दुपारीं माझ्या हातांत असलेल्या पुस्तकांत तितकें मोलाचें कांहीं नव्हतें.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण आहे. ती नोंद वाचतांना मजला वाटूं लागलें कीं, ओळीच्या मध्यावर सुई टोंचून आई उठली, ती कोणाच्या तरी हांकेनेंच उठली असली पाहिजे. काम गुंडाळून ठेवावयाचें असतें, तर तिनें गांठ मारली असती, सुई काढून डब्यांत घातली असती. सुई तशीच ठेवणें याचा अर्थ ‘आलेंच एवढ्यांत’ असा आहे. ती हांक कोणाची होती, हें आतां कळावयाचें नाहीं. त्या वेळीं घरांत हांक मारणारा मीही होतों.

एकादशीपासून आम्हीं निराळी व्यवस्था केली. दारावरील वेळापत्रक मीं काढून टाकलें. तिच्या वेळेचें कोष्टक करण्याचा अधिकार मला नव्हता, माझ्या वेळेचें करण्याचा होता. त्या अर्ध्या तासांत दार माझें, दूरध्वनि माझा, नातवाचें खाणें माझें, आणि चहाही माझाच. वेळ कोणती, हें रोज सकाळीं ती सांगे. सोमवारीं ती सकाळीं नऊची घेई, एरवीं दुपारची. सणाच्या दिवशीं ओळ नाहीं, आणि नाहीं झाली म्हणून हळहळही नाहीं, असें तिनेंच ठरविलें. नातवाकडे दोरे ओंवण्याचें खातें आलें. आम्हां दोघांचीही दृष्टि आतां सुईच्या नेढ्याशीं झगडते. त्याचे डोळे कोवळे. शाळेस निघण्यापूर्वीं तो सहा सुया ओंवून उशीवर टोंचून ठेवी. पहिले दोन दिवस त्यास गंमत वाटली, तिसऱ्या दिवशीं कंटाळा आला, आणि चौथ्या दिवशीं आजीनें त्यास एक ओळ घालावयास दिली, तेव्हांपासून तें त्याचें काम झालें. त्याच्या ओळींत टांके मोठे व वांकडे पडले आहेत. ते उसवावयाचे नाहींत, अशी तिची आज्ञा आहे.

सर्व सुरळीत झालें असें मात्र समजूं नये. दोनदां माझें दूध उतूं गेलें. एकदां एका पाहुण्या बाईंस मीं “घरांत काम चाललें आहे, अर्ध्या तासानें या” असें सांगितलें, तें त्यांस रुचलें नाहीं. पुढें आठ दिवस त्याचें निवारण करावें लागलें. नारळी पौर्णिमेस नारळीभात झाला, पण दरवर्षींच्या करंज्या झाल्या नाहींत. मीं त्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं, आणि हा माझा मोठा पराक्रम आहे असें मी समजत होतों, तोंच सूनबाई म्हणाली, “बाबा, करंज्या नाहींत हें तुम्ही चार वेळां बोलून दाखविलेंत.” मोजणाऱ्याचीही मोजदाद होत असते.

नियमधर्माचें काय, असा प्रश्न कोणी वाचक विचारील. देवाधर्मांत आम्हीं कांहीं कमी केलें नाहीं. पूजा, उपास, कहाण्या, शिवामूठ सर्व यथासांग झालें. कमी झालीं तीं आमच्या जिभेचीं कांहीं कौतुकें, आणि माझ्या निरर्थक हांका. या दोहोंस धर्म समजण्याची चूक आपल्या घरांतून फार दिवसांची आहे.

एकादशीपासून अमावास्येपर्यंत सोळा ओळी झाल्या. आधींच्या तीन मिळून एकोणीस. अकरा ओळी अद्याप राहिल्या आहेत. म्हणजे माझें गणित चुकलें, आणि गोधडी पिठोरीस तयार झाली नाहीं. हा अंक वाचकांच्या हातीं पडेल, तोंवर गौरीगणपति येऊन गेलेले असतील, आणि त्या दिवसांत सुईला सुटी आहे, हें तिनें आधींच सांगून ठेविलें आहे. शेवटची कड शिवण्यापूर्वीं थरांमध्यें पोळीच्या आकाराचा कापडाचा एक वाटोळा तुकडा घालावयाचा, अशी आईची रीत होती. गोधडी उपाशी राहूं नये, असें ती म्हणे. तो तुकडा कापून तयार आहे. माझ्या एका जुन्या उपरण्याचा आहे.

काल सायंकाळीं पाहिलें, तों गोधडी घडी करून खुर्चीवर ठेविलेली होती, आणि ओळीच्या टोकास सुई टोंचलेली. माझ्या पोटांत एकदम धस्स झालें. “सुई काढून ठेव ना,” मी म्हणालों.

“असूं दे,” ती म्हणाली. “पुन्हां बसायचें आहे ना मला.”

वाचकांस माझी विनंती एकच आहे. आपल्या घरांत कोणाचा ना कोणाचा असा एखादा छंद कपाटांत असेल. कोणाची गोधडी, कोणाची पेटी, कोणाचें अर्धें राहिलेलें पुस्तक. त्या व्यक्तीस वेळ काढावयाचा उपदेश करूं नये. तो तिनें पुष्कळ ऐकिला आहे. एक दिवस वही घेऊन कोपऱ्यांत बसावें आणि कोण कोणास किती वेळां हांक मारतो, एवढें मोजावें. उत्तर येईल तें कोणास दाखविलें नाहीं तरी चालेल. मजला आलेलें उत्तर चार होतें, आणि सध्यां तें एकावर आलें आहे. तो एक म्हणजे चष्मा. तो कोठें ठेवितों, हें मजला अजून लक्षांत राहत नाहीं.